घरी जमवलेली गाणी, पेन ड्राइव्ह आणि कॉपीराइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या आवडीची पन्नास गाणी पेन ड्राइव्हवर भरून पाहुण्यांना द्यायची. भजनी मंडळाच्या रौप्यमहोत्सवाला सीडी काढायची. माळ्यावरच्या कॅसेटी डिजिटल करून भावंडांना पाठवायच्या. असले उद्योग घरोघरी चालतात, आणि हे कायद्यात बसतं का हा प्रश्न बहुतेकदा सगळं वाटून झाल्यावर पडतो. खालची उत्तरं भारतातल्या कायद्यानुसार आहेत, म्हणजे १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि त्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्त्या. विक्री किंवा मोठा खर्च असेल तर वकिलाला गाठाच. त्याला नेमकं काय विचारायचं, तेवढं तरी इथून कळेल.

गाण्याचा मालक कोण? गायकाची परवानगी घेतली की झालं ना?

नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. एका गाण्यात कायद्याला किमान तीन वेगळ्या गोष्टी दिसतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्दांचा हक्क मुळात गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणाचा ते करवून घेणाऱ्याचा, म्हणजे बहुधा रेकॉर्ड कंपनीचा. सिनेमाचं गाणं असेल तर निर्मात्याने हे हक्क कंपनीला दिलेले असतात. गायक-वादकांना कलाकार म्हणून वेगळे हक्क आहेत. ते १९९४ च्या दुरुस्तीने आले आणि आता ५० वर्षं टिकतात. पण गायकाने प्रेमाने ‘वापरा हो खुशाल’ म्हटलं, तरी त्याच्या हातात नसलेला हक्क तो तुम्हाला देऊ शकत नाही. कार्यक्रमानंतर ग्रीनरूममध्ये मिळालेल्या अशा परवानग्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत. कागदावर त्यांची किंमत शून्य.

२०१२ नंतर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून कायमचा लिहून घेता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच (हक्कधारकांच्या वतीने परवाने देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेलाच) देता येतो. म्हणजे कंपनीने हो म्हटलं तरी शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा उरू शकतो.

मी विकत घेतलेल्या सीडी-कॅसेटींतली गाणी निवडून माझ्या मोबाइलवर किंवा गाडीच्या पेन ड्राइव्हवर घेतली तर?

खुशाल घ्या. कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठीच्या रास्त वापराला मोकळीक आहे, आणि अशा वापरासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण करण्यालाही. गंमत म्हणजे २०१२ पर्यंत ही मोकळीक साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरती होती. ध्वनिमुद्रणाचा तिच्यात समावेश नव्हता. म्हणजे ऐंशीच्या दशकात दोन कप्प्यांच्या टेपरेकॉर्डरवर ज्या पिढीने ‘आवडती गाणी भाग १’ ते ‘भाग १२’ तयार केले, त्या पिढीला कायद्याचा तेवढाही आधार नव्हता. आज आहे.

दुसऱ्या काही देशांत कोऱ्या कॅसेटवर किंवा डिस्कवर खासगी कॉपीसाठी अधिभार लावतात आणि तो पैसा हक्कधारकांना जातो. आपल्याकडे तसं काही नाही. त्यामुळे ‘कोऱ्या सीडीच्या किमतीतच रॉयल्टी आली’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

मग भावाला एक कॉपी दिली तर?

कायद्यात ‘एक कॉपी चालेल, पाच चालणार नाहीत’ असा आकडा कुठेही नाही. घरातल्या स्पीकरवर सगळ्यांनी मिळून ऐकणं हा वैयक्तिक वापरच. भावाला वेगळी कॉपी करून दिली की त्या शब्दाला थोडा ताण पडतो. एका कॉपीसाठी कोणी दारात येणार नाही, हेही खरंच. माझ्या मते तुमची कॉपी उंबरठ्याबाहेर किती लांब आणि किती जणांकडे जाते, हे आधी पाहावं. चार जणांच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलं गाणं आणि चारशे सभासदांच्या ‘जुनी मराठी गाणी’ ग्रुपवर रोज सकाळी टाकलेली दहा गाणी, या दोन्हींना एकाच मापाने ‘खासगी’ म्हणणं कठीण आहे.

पंच्याहत्तरीचे पेन ड्राइव्ह आम्ही फुकट वाटणार आहोत. एक रुपयाही घेणार नाही. तरीही परवानगी लागेल?

हो. फुकट वाटलं म्हणून हक्कभंग टळत नाही. पैसे न कमावल्याचा फायदा झाला तर शिक्षा ठरवताना होतो. दोनशे पाहुण्यांना दोनशे प्रती म्हणजे दोनशे वेळा ध्वनिमुद्रणाची नक्कल, आणि तितक्याच वेळा शब्दांची नि चालीची. हा बाबांचा वैयक्तिक वापर नव्हे.

यावर सरळ तोडगे आहेत. तुम्ही वापरता त्या स्ट्रीमिंग ॲपवर बाबांच्या आवडीची यादी बनवा, तिचा क्यूआर कोड आभारपत्रावर छापा आणि वाटा. गाणी ॲपवरच वाजतात, हक्कधारकांना त्यांचं मिळतं, तुम्ही काहीच नक्कल केलेली नसते. पत्रावर प्रत्येक गाण्यापुढे एकेक ओळ लिहिली (हे कुठल्या साली, कोणाबरोबर ऐकलं, आईला का आवडायचं) तर लोक ते पत्र जपून ठेवतात. लग्नाकार्यातले पेन ड्राइव्ह महिन्याभरात कोरे करून मुलांच्या प्रोजेक्टला वापरले जातात. वयस्कर पाहुण्यांना ॲप जमत नसेल, तर अधिकृत गाणी आधीच भरलेले रेडिओसारखे प्लेअर बाजारात मिळतात. जवळच्या चारपाच जणांना ते द्या.

त्याच समारंभात हॉलमध्ये गाणी वाजवायला परवाना लागतो का?

पंच्याहत्तरी आणि लग्न यांत इथे फरक पडतो. कलम ५२(१)(झेडए) नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात किंवा सरकारी समारंभात गाणं सादर करणं अथवा रेकॉर्ड वाजवणं हा हक्कभंग नाही, आणि ‘धार्मिक समारंभा’त लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित इतर सामाजिक सोहळेही येतात, असं त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. केंद्राच्या उद्योग खात्याने जुलै २०२३ मध्ये याची आठवण करून देणारी सूचना काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये त्याच धर्तीवर परिपत्रक काढलं. त्यात हॉटेलांनी किंवा संस्थांनी लग्नसोहळ्यांकडून रॉयल्टी मागू नये असं होतं. रेकॉर्ड कंपन्यांच्या बाजूने त्याला आव्हान मिळालं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. लोकांनी बातमीचा मथळा वाचला आणि ‘आता लग्नातही पैसे भरा’ असा अर्थ काढला. तसं नाही. परिपत्रक गेलं, कायद्यातली सवलत आहे तिथेच आहे. एखादा विशिष्ट सोहळा तिच्यात बसतो की नाही, हा वाद उद्भवलाच तर तो न्यायालय सोडवील, परिपत्रक नव्हे.

पंच्याहत्तरी लग्नाशी जोडलेली नाही. पूजा-होम चालू असताना सनई वाजली तर ती धार्मिक समारंभात धरता येईल. पण संध्याकाळी भाड्याच्या हॉलमध्ये तीनशे लोकांसमोर डीजे असेल तर परवान्याचं हॉलच्या व्यवस्थापकाला आधीच विचारा. पुष्कळ हॉल वर्षाचा परवाना घेऊन ठेवतात, आणि काही हॉल तो न घेताच तुमच्या बिलात त्याची ओळ लावतात. पावतीची नक्कल मागा.

सोसायटीच्या हॉलमध्ये कोजागिरीला?

रहिवाशांच्या सामाईक वापरासाठीच्या बंदिस्त खोलीत किंवा हॉलमध्ये, त्यांच्याचसाठी सोय म्हणून रेकॉर्ड वाजवायला कायदा मोकळीक देतो. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबलाही ती आहे. शब्द ‘बंदिस्त’ असा आहे. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये मंडप घालून कर्णे लावले, तर अक्षरशः पाहता ही सवलत लागू होत नाही.

आणि गणेशोत्सवात?

आरती, पूजा, प्रतिष्ठापना यांना धार्मिक समारंभाची सवलत आहे. त्याच मांडवात प्रायोजकांचे फलक लावून होणारा हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा मला तरी त्या सवलतीत बसवता येत नाही. विसर्जन मिरवणुकीतला डीजे या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. आणि मंडळाने वर्गणीदारांना ‘बाप्पा स्पेशल’ सीडी वाटली, तर ती प्रत काढणं आहे, समारंभात वाजवणं नव्हे. तिथे ही सवलत मुळीच कामाला येत नाही.

जुनी गाणी तर मोफत झाली असतील ना? नाट्यसंगीत, जुनी भावगीतं?

काही झाली आहेत. पण ‘जुनं’ हा हिशेब प्रत्येक थराला वेगळा लागतो.

शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. ही वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजायची. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. १९६० साली निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१ ला ध्वनिमुद्रण म्हणून मोकळी झाली. (हा आकडा १९९२ पर्यंत ५० होता. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले होते आणि त्यांच्या साहित्याची मुदत संपत आली होती, म्हणून तो दहाने वाढला.)

आता बालगंधर्वांची ‘मानापमाना’तल्या पदाची ७८ फेऱ्यांची, १९६० पूर्वी निघालेली तबकडी घ्या. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची. ते १९४८ साली गेले, म्हणजे शब्द १ जानेवारी २००९ पासून मोकळे. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ते १९५५ साली गेले, म्हणजे चाली १ जानेवारी २०१६ पासून मोकळ्या. तबकडीची साठ वर्षंही उलटून गेली. तिन्ही कुलपं उघडली आहेत. अशी तबकडी तुमच्या घरात असेल तर ती डिजिटल करा, संकलन बनवा, वाटा, विका. फक्त नक्कल मूळ तबकडीवरून करा. कंपनीने नंतर आवाज स्वच्छ करून काढलेल्या सीडीवरून केली, तर त्या नव्या आवृत्तीवर हक्क सांगणारं पत्र येऊ शकतं, आणि ती भानगड ओढवून घ्यायचं कारण नाही.

याउलट ‘गीतरामायण’. पुणे आकाशवाणीवरून ते १९५५-५६ मध्ये प्रसारित झालं, म्हणून पुष्कळांना ते मोकळं वाटतं. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, तेव्हा शब्दांचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ साली गेले, तेव्हा चालींचा २०६२ च्या अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रण कितीही जुनं मिळालं तरी या दोन तारखा चुकत नाहीत. पन्नास-साठच्या दशकातल्या बहुतेक भावगीतांची हीच स्थिती आहे: तबकडी मोकळी होत आली, गीतकार-संगीतकारांची मुदत अजून बरीच बाकी.

संतांच्या अभंगांचे शब्द अर्थात मोकळे. पण एखाद्या संगीतकाराने त्यांना लावलेली चाल त्याची आहे, आणि लोकांच्या तोंडी बसलेली चाल ‘पारंपरिकच असणार’ असं धरून चालू नका. आपण पारंपरिक समजतो अशा कितीतरी चाली साठ-सत्तरच्या दशकातल्या रेडिओ आणि रेकॉर्डवरच्या आहेत.

मूळ रेकॉर्ड न वापरता तीच गाणी आम्ही स्वतः गायली तर?

मग ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, शब्द आणि चाल यांचा राहतो. याला कव्हर व्हर्जन म्हणतात आणि त्यासाठी कलम ३१-सी आहे. मूळ गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं त्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात. आगाऊ नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, गाण्यात अनावश्यक फेरफार करायचा नाही, मूळ गायकाचं नाव किंवा चित्र वेष्टनावर घालायचं नाही आणि ‘कव्हर व्हर्जन’ असं स्पष्ट छापायचं. एवढं ठीक आहे. पण पुढची अट घरगुती हौसेची हवाच काढून घेते: प्रत्येक गाण्यासाठी दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी. एखाद्या भाषेत खप कमी असेल तर हा आकडा कमी करण्याची तरतूद आहे, पण तो आपोआप कमी होत नाही. जुन्या कायद्यात मुदत दोन वर्षांची होती आणि त्याच वाटेने कॅसेटच्या जमान्यात दुसऱ्या आवाजातल्या स्वस्त कॅसेटींचा पूर आला होता. नवी तरतूद त्या पुराला घातलेला बांध आहे. त्यात तुमची शंभर सीडींची होडीही अडकते. छोट्या मंडळाने या कलमाच्या वाटेला न जाता हक्कधारकांकडून सरळ ऐच्छिक परवाना घ्यावा.

आणि हे कलम फक्त ध्वनिमुद्रणासाठी आहे. व्हिडिओ काढलात तर त्याचा आधार नाही.

आमचा कराओके ग्रुप आहे. सगळे निवृत्त. वर्षाअखेरीस सगळ्यांच्या एकेका गाण्याची सीडी काढतो.

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की पुण्या-ठाण्यात गाण्याच्या क्लासपेक्षा कराओके ग्रुप जास्त असावेत. तुमचा आवाज तुमचा. खाली वाजणारा ट्रॅक कोणीतरी वाद्यवृंद बसवून किंवा कीबोर्डवर बनवलेला असतो, म्हणजे तेही एक स्वतंत्र ध्वनिमुद्रण आणि त्याला मालक. ट्रॅक विकत घेतला म्हणजे त्यावर गायचा हक्क मिळाला, प्रती काढून वाटायचा मिळतोच असं नाही. विकणाऱ्याच्या अटी वाचा. यूट्यूबवरून उतरवलेल्या ट्रॅकला तर अटी वाचण्याचाही प्रश्न नाही, तो उतरवायलाच मुभा नसते. घरी बसून गाणं, एकमेकांना ऐकवणं ठीक. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणालाही शब्द आणि चाल यांच्यापुरती कायद्यात सवलत आहे. पण ती सवलत गाण्याच्या सादरीकरणाला आहे, प्रतींना नाही.

भजनी मंडळाची स्वतःची सीडी?

संतांचे शब्द, पारंपरिक चाल, तुमचेच टाळ-मृदंग-पेटी असतील तर रान मोकळं आहे. उलट इथे तुम्हीच हक्कधारक होता. ध्वनिमुद्रण करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याची, तो कायद्याने त्याचा निर्माता. म्हणून आधीच ठरवा की ते मंडळ आहे, की ज्याने स्टुडिओचं बिल भरलं तो सभासद. पुढे भांडणं याच मुद्द्यावर होतात. सगळ्या गायक-वादकांची सही एका साध्या कागदावर घ्या. कलम ५२-ए प्रमाणे सीडीवर आणि वेष्टनावर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष छापा. घरगुती सीडींवर देवाचा फोटो असतो, अध्यक्षांचा फोटो असतो, वर्ष मात्र कधी नसतं.

आजोबांनी रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेटी आहेत. काही मैफलींची ध्वनिमुद्रणंही.

कलम ३९ इथे कामाला येतं: स्वतःच्या खासगी उपयोगासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाने प्रसारणाचा किंवा कलाकाराचा हक्क भंगत नाही. प्रसारण संस्थेचा हक्क २५ वर्षांचाच असतो, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या कार्यक्रमांबाबत तो संपलेला आहे. आत वाजलेल्या गाण्यांचे हक्क अर्थात वेगळे. कॅसेट डिजिटल करून घरात ठेवा, त्यात वावगं काही नाही. आणि उशीर करू नका. पट्टीला बुरशी धरते, दाब देणारा स्पंजचा तुकडा गळून पडतो आणि मग तीच कॅसेट उघडून दुसऱ्या खोक्यात बसवण्याचा खटाटोप करावा लागतो.

मैफलींचं मात्र नाजूक आहे. खासगी बैठकीत गायकाने मोकळेपणी गायलेलं, कधी गळा लागलेला नसताना गायलेलं असतं. ते जगजाहीर करायचं असेल तर गायकाला किंवा घरच्यांना विचारा. कायद्याने मुदत संपली असेल तरीही विचारा, असं माझं मत आहे. संग्राहकांच्या जगात याच गोष्टीवरून जन्माचे अबोले झाले आहेत. आणि आजच्या कार्यक्रमात फोनवर रेकॉर्ड करत असाल तर कायदा एक, आयोजकाची प्रवेशाची अट दुसरी. अट ‘ध्वनिमुद्रणास मनाई’ म्हणत असेल तर ती पाळावी लागते.

तीस सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं म्हणतात. किंवा ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असं लिहिलं तर?

दोन्ही थापा. गीतकार-संगीतकारांचं नाव देणं हे त्यांचं देणंच आहे, कलम ५७ ने त्यांना तो हक्क आहे. पण श्रेय दिल्याने परवानगी मिळत नाही.

ॲपवर पैसे भरून डाउनलोड केलेली गाणी सीडीवर उतरवता येतील?

ती गाणी तुम्ही विकत घेतलेली नसतात. वर्गणी चालू असेपर्यंत त्या ॲपमध्ये ऐकण्याची परवानगी असते. फाइलला कुलूप असतं, आणि हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणं हा कलम ६५-ए खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. ‘ऐकणाऱ्याचा वैयक्तिक वापर’ ही ढाल दुसऱ्याला धंद्यासाठी वापरता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली टिप्स (रेकॉर्ड कंपनी) विरुद्ध विंक (गाणी ऐकवणारं ॲप) या खटल्यात सांगितलं आहे.

फोटोंचा व्हिडिओ करून त्याला गाणं लावलं आणि यूट्यूबवर टाकला. आवाज बंद केला गेला.

यंत्राने गाणं ओळखलं आणि हक्कधारकाने आधीच सांगून ठेवलं होतं तसं केलं: आवाज बंद, किंवा व्हिडिओ बंद, किंवा जाहिरात लावून पैसे त्याला. व्हिडिओ ‘खासगी’ ठेवला तरी यंत्र ओळखतंच. त्याच ठिकाणच्या मोफत संगीतसंग्रहातलं काही लावा किंवा घरातल्या कोणाला तरी पेटी वाजवायला बसवा. हक्कधारकाने लेखी तक्रार केली तर भारतीय नियमांप्रमाणे संकेतस्थळाला ३६ तासांत मजकूर बंद करावा लागतो. २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत सुरू करता येतो.

बरं, रीतसर परवाना घ्यायचाच ठरवला. कोणाकडे जायचं?

दोन दारं. ध्वनिमुद्रणासाठी रेकॉर्ड कंपनी. जुन्या एचएमव्हीच्या तबकड्या-कॅसेटींसाठी आजची कंपनी म्हणजे सारेगामा. दी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचंच ते २००० नंतरचं नाव. बाकीच्यांसाठी कॅसेटच्या इनलेवर वर्तुळातल्या ‘पी’ या अक्षरापुढे वर्ष आणि कंपनी छापलेली असते, तिथून माग काढायचा. शब्द आणि चाल यांच्यासाठी आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. ही १९६९ साली स्थापन झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली गीतकार-संगीतकार-प्रकाशकांची नोंदणीकृत संस्था. सादरीकरणाबरोबर प्रती काढण्याचे परवानेही ती देते. तुमचा गीतकार तिचा सभासद नसेल तर त्याला किंवा वारसांना थेट विचारायचं.

पीपीएल आणि नोव्हेक्स ही नावं ऐकली असतील. या कंपन्या रेकॉर्ड सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचे परवाने देतात. कॉपीराइट संस्था म्हणून नोंदणी नसताना त्यांना असे परवाने देता येतात का, यावर न्यायालयांत एकवाक्यता नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये हक्काचा मालक म्हणून देता येतात असं म्हटलं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये वेगळी भूमिका घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तुमच्या पेन ड्राइव्हशी या वादाचा संबंध नाही, कारण तो प्रत काढण्याचा मामला आहे.

अर्जात मोघम लिहू नका. ‘आम्हाला काही जुनी गाणी वापरायची आहेत’ या पत्राला उत्तर येत नाही. प्रत्येक गाण्यासाठी मुखडा, गायक, गीतकार, संगीतकार, अल्बम किंवा चित्रपट, तबकडी अथवा कॅसेटचा क्रमांक आणि लांबी. मग एकूण: किती प्रती, कुठल्या माध्यमात, विक्री की मोफत, कुठे वाटणार, कधीपर्यंत. परवाना लेखीच हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. अमेरिकेतल्या नातवंडांना पाठवायचं असेल तर हे आधी लिहून घ्या.

खरं सांगायचं तर शंभर प्रतींच्या अर्जावर वेळ घालवायला कंपन्यांना परवडत नाही आणि पुष्कळ पत्रं तशीच पडून राहतात. मौन म्हणजे संमती नव्हे. याचा राग येतो आणि तो रास्त आहे: छोट्या, बिननफ्याच्या संकलनासाठी ऑनलाइन भरता येईल असा साधा, ठरलेल्या दराचा परवाना असायला हवा. तो नाही म्हणून लोक कायदा मोडतात, आणि मोडणाऱ्यांत बहुसंख्य असे असतात की ज्यांनी गाण्यामागे पाच-दहा रुपये आनंदाने दिले असते.

हक्कधारक सापडतच नसेल तर?

कलम ३१-ए मध्ये त्याची सोय आहे: वर्तमानपत्रांत जाहिरात, मग अर्ज, मग रॉयल्टी जमा करून परवाना. कागदावर सुंदर. घरगुती सीडीसाठी खर्च आणि खेपा झेपणाऱ्या नाहीत. ते गाणं वगळा.

मोबाइलच्या दुकानात पन्नास रुपयांत कार्ड भरून देतात, ते?

सरळसरळ हक्कभंग. तुमचीच कॅसेट, तुमच्यासाठीच डिजिटल करून देणाऱ्या व्यावसायिकाचं प्रकरण तितकं सरळ नाही. तिथे किमान वापर तुमचा खासगी असतो आणि तो तुमच्या वतीने काम करतो असं म्हणता येतं. त्याने तुमची फाइल स्वतःच्या संग्रहात ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाला दिली की तोही कार्डवाल्याच्याच रांगेत.

पकडलं गेलं तर होतं काय?

बहुतेकदा आधी पत्र येतं, थांबा आणि भरपाई द्या म्हणून. पण कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. धंद्याच्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून ती कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलं.

आम्ही परदेशात राहतो. मंडळाच्या दिवाळीला संकलन वाटायचं आहे.

जिथे वाटता तिथला कायदा. भारतात मोकळी झालेली तबकडी अमेरिकेत मोकळी असेलच असं नाही. तिथे १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला मोकळी झाली आणि त्यानंतरच्या जुन्या तबकड्यांची मुदत शंभर वर्षांच्या घरात जाते. ब्रिटनमध्ये वैयक्तिक नक्कल करण्याची सवलत ऑक्टोबर २०१४ मध्ये आली आणि जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. क्यूआर कोडची युक्ती मात्र तिथेही चालते, फक्त ते गाणं त्या देशातल्या ॲपवर आहे का तेवढं तपासा.

निवड आमची, क्रम आमचा, प्रस्तावना आमची. त्यावर आमचा काही हक्क?

लिहिलेल्या मजकुरावर नक्की आहे. निवडीत आणि मांडणीत खरंच काही डोकं चालवलं असेल तर संकलन म्हणून तिच्यावरही. पण त्या हक्काने आतली गाणी तुमची होत नाहीत.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या आहेत. त्या सगळ्या नातेवाइकांना पाठवू?

आजीला विचारा आणि पाठवा. ओव्या परंपरेतल्या, गाणारी ती, रेकॉर्ड करणारे तुम्ही. एखादी ओवी तिने स्वतः रचलेली असेल तर ती तिची. तसं फाइलच्या नावात लिहून ठेवा, तारीख आणि गावाचं नाव घालून.